माप

चष्मा लावणाऱ्या माणसाला कुणी दिव्यांग म्हणत नाही. खरे पाहता त्याचे एक इंद्रिय अधू झालेले असते आणि ते एका साधनाच्या आधाराने काम करीत असते. तरीही चष्म्याकडे आपण साधन म्हणून पाहतच नाही. तो नाकावर बसतो आणि माणसाचाच होऊन जातो. याचे कारण मला एकच दिसते. चष्मा मापाने मिळतो. आधी डोळे तपासतात, डाव्याचा नंबर वेगळा आणि उजव्याचा वेगळा काढतात, नाकाची रुंदी पाहतात, काड्या कानामागे टोचत तर नाहीत ना ते विचारतात, आणि मग काच कापतात. शेजाऱ्याचा चष्मा कितीही भारी असला तरी तो लावून कुणी हिंडत नाही.

पण नजर अधू होण्याऐवजी गेलेलीच असली, कान ऐकेनासे झाले, किंवा आठवण दगा देऊ लागली, की मापाची ही साधी रीत आपण विसरतो. मग एखादी चांगली, महागडी, तयार वस्तू आणून त्या माणसाच्या हातात ठेवतो आणि ती त्याने आनंदाने वापरावी अशी अपेक्षा करतो. त्याने वापरली नाही तर आपल्याला राग येतो!

आमच्या वाड्यात एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही सगळी मुले त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांना एका शिबिरात श्रवणयंत्र मिळाले. खिशात ठेवायची डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात घालायचा बोळा. चार दिवस त्यांनी ते लावले. पाचव्या दिवशी ते यंत्र फळीवर अडकित्त्याशेजारी जाऊन बसले ते आजतागायत तिथेच आहे. घरातले म्हणाले, "म्हातारपणी हट्ट वाढतो." आजोबा मला म्हणाले, "अगं, कुकरची शिट्टी मेंदूत घुसते, पंख्याची घरघर ऐकू येते, आणि तू काय बोलतेस ते मात्र पूर्वीइतकंच कळत नाही. मग ते दावं गळ्यात बांधून मी करू काय?"

आजोबांच्या बोलण्यात हट्ट नव्हता, शास्त्र होते. उतारवयात कान सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी होत नाही. खालच्या पट्टीचे आवाज बरेचसे टिकतात, वरच्या पट्टीचे आधी जातात. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, त, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत आणि मुळातच क्षीण. त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे ऐकू येते, पण काय बोलतो ते कळत नाही. 'साप', 'ताप' आणि 'थाप' या तिघांतला फरक नाहीसा होऊन मागे नुसता 'आप' उरतो. त्यातच अशा कानाची आणखी एक खोड असते: हळू आवाज त्याला ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी कधी जास्तच बोचतो. अशा कानाला सगळेच आवाज सरसकट मोठे करून दिले तर शिट्टी तेवढी वाढणार आणि शब्द आहे तिथेच राहणार, हे उघड आहे.

यावर उपाय आहे. शांत खोलीत बसवून एकेका पट्टीचा बारीकात बारीक कोणता आवाज ऐकू येतो ते प्रत्येक कानासाठी तपासतात, त्याचा आलेख काढतात, आणि ज्या पट्टीत उणे असेल तिथे हवी तेवढीच भर घालतात. कानाच्या पोकळीचा साचा घेऊन त्यात नेमका बसेल असा बोळा तयार करतात. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे मोजण्याचे शास्त्र रीतसर शिकवले जाते. आणि एवढे करूनही काम एका दिवसात संपत नाही. माणसाने पुन्हा पुन्हा जावे लागते, "भांड्यांचा आवाज अजून लागतो" असे सांगावे लागते, आणि समोरच्याने ते ऐकून घ्यावे लागते. श्रवणयंत्र देणाऱ्याला स्वतःचे कान उघडे ठेवावेच लागतात!

हे माप घेण्याचे महत्त्व मला ज्या एका माणसाच्या चरित्रात सगळ्यात स्पष्ट दिसले तो म्हणजे लुई ब्रेल. फ्रान्समधल्या एका खेड्यात, खोगीर आणि घोड्याचे साज शिवणाऱ्या कारागिराच्या पोटी १८०९ मध्ये त्याचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात खेळता खेळता चामड्याला भोक पाडायची आरी डोळ्यात गेली, आणि जखम चिघळून दोन्ही डोळे गेले. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत आला. त्या शाळेत पुस्तके नव्हती असे नाही. शाळेच्या संस्थापकाने, व्हॅलेंतँ आयुईने, मोठ्या कळवळ्याने कागदावर नेहमीचीच रोमन अक्षरे उठवून पुस्तके तयार केली होती. पण ती अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. बोटाने प्रत्येक अक्षराच्या वळणावळणाने फिरायचे, ते ओळखायचे, मग पुढचे. पुस्तके अवजड, वाचन संथ, आणि त्या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिता तर येतच नसे. ज्याने ती केली त्याच्या हेतूत खोट नव्हती. डोळस माणसाला जे वाचन वाटते तेच त्याने उंचवटे देऊन अंधांच्या पुढ्यात ठेवले, इतकेच.

पुढे शार्ल बार्बिए नावाच्या लष्करातल्या माजी अधिकाऱ्याने टिंबांची एक लिपी त्या शाळेत आणली. कल्पना उत्तम होती, कारण टिंब बोटाला रेषेपेक्षा चटकन कळते. पण त्याच्या एका चिन्हात बारापर्यंत टिंबे होती. एवढे चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नव्हते. बोट वरखाली फिरवावे लागे. ब्रेलने ती बारा टिंबे सहावर आणली. तीन उभी, दोन आडवी. बोट न हलवता एका स्पर्शात कळतील एवढीच. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी बहुतेक सिद्ध झाली होती. १८२९ मध्ये ती छापून आली. सहा टिंबांच्या ६३ रचना होतात, आणि त्यांत अक्षरे, आकडे, विरामचिन्हे, पुढे संगीतही बसले. हे माप ब्रेलला कुणाकडे जाऊन मागावे लागले नाही. ते त्याच्या बोटाच्या टोकावरच होते. तरीही त्याच्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षे झाली होती. बोटांनी सांगितलेले डोळ्यांना पटायला तीस वर्षे लागली.

आपल्याकडे १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल ठरली. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. 'दिवस' हा शब्द आपण लिहितो तेव्हा पहिली वेलांटी द च्या आधी काढतो आणि वाचताना मात्र नंतर उच्चारतो. भारती ब्रेलमध्ये आधी द येतो, मग इ. डोळ्यांनी पाळलेली रूढी बोटांनी मानली नाही; त्यांनी जिभेचा क्रम घेतला. मराठी शाळेतल्या प्रत्येक पोराने पहिलीत विचारलेला प्रश्न असा सुटला म्हणायचा!

आता थोडे जवळ येते. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन मित्र आहे. त्याच्या हातातली पांढरी काठी आपण सगळे रोज पाहतो. ही काठी जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत उंच असते, हे मला त्याच्याकडूनच कळले. लांब काठीची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर याने १९४४ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका लष्करी इस्पितळात बसवली. डावे पाऊल पुढे पडते तेव्हा काठीचे टोक उजवीकडे टेकते, उजवे पडते तेव्हा डावीकडे. म्हणजे जिथे पुढचे पाऊल पडणार तिथे काठी आधीच जाऊन आलेली असते. माणूस उंच असला, ढांगा टाकणारा असला, तर काठीही लांब हवी. आखूड काठी धोक्याची सूचना वेळेवर देत नाही. काठीसारखी काठी, पण तिलाही माप आहे!

बरे, ही काठी जमिनीवरचे सांगते. उघडी खिडकी, झाडाची फांदी, उभ्या ट्रकचा मागे आलेला भाग हे तिच्या कक्षेत येत नाहीत. दिल्लीच्या आयआयटीतल्या मंडळींनी याच अडचणीवर काम करून २०१४ मध्ये काठीला बसवायचे एक यंत्र बाहेर आणले. कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून ते गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखते आणि मुठीत थरथर उमटवते. थरथरच का, शिट्टी का नाही? माझ्या मित्राने याचे उत्तर एका वाक्यात दिले: "कान मला रस्त्यासाठी लागतात." ज्याचे कान हेच डोळे आहेत त्याच्या कानात शिट्टी वाजवणे म्हणजे डोळ्यांपुढे हात धरणे. जे कागदावर रेखाटने करून सुचत नाही ते विचारले की असे चटकन कळते.

तसेच त्याच्या संगणकाचे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी एनव्हीडीए नावाची प्रणाली तो वापरतो. मायकेल करन आणि जेम्स टे या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये तिचे काम सुरू केले. दोघेही स्वतः अंध. ती फुकट मिळते. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटले, यंत्रच बिघडले. कढईत लाह्या फुटाव्यात तसे शब्द बाहेर पडत होते, आणि तेही पत्र्यासारख्या आवाजात. मी म्हटले, "अरे, याहून गोड आवाज मिळतात, तो का नाही घेत?" तो हसून म्हणाला, "गोड आवाज मी रेडिओवर ऐकतो. हा ऐकायचा नसतो, वाचायचा असतो. तुझे डोळे ओळीवरून पळतात तेव्हा ते गोड पळतात का?" वेग तिप्पट केला तरी शब्द तुटत नाहीत म्हणून त्याने तो पत्र्याचा आवाज निवडला होता. त्याच्यासाठी यंत्र विकत आणायला मला कुणी पाठवले असते, तर सगळ्यात मंजुळ आवाजाचे आणले असते आणि ते आजोबांच्या डबीसारखेच फळीवर गेले असते.

त्याची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती सांगण्यासाठी हे पान मिळाले याचा मला आनंद आहे. आपल्याकडची पुष्कळशी टिपणे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर सुरेख मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. त्यांना मराठीचा नुसता मुखवटा चढवलेला असतो. डोळा त्या मुखवट्याला फसतो, आवाज फसत नाही. तो आतले जे आहे ते प्रामाणिकपणे वाचतो, आणि पेशव्यांच्या इतिहासाऐवजी माझ्या मित्राला निरर्थक इंग्रजी अक्षरांची खिचडी ऐकावी लागते. कुणी वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले तर बहुधा तेवढेही नाही. छापील अक्षरे ओळखणारी सोय आता आहे, पण आपल्या हस्ताक्षरापुढे ती हात टेकते. तेच टिपण युनिकोडमध्ये टाइप केले तर काही खर्च न होता ते त्याला आपल्याइतकेच, नव्हे आपल्यापेक्षा लवकर, वाचता येते. परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना हा फरक केवढा असतो ते तुम्हीच ठरवा.

डोळे आणि कान यांचे माप निदान घेता तरी येते. विचारले तर माणूस सांगतो. पण ज्याला सांगताच येत नाही त्याचे काय? हा प्रश्न आमच्या घरात तीन वर्षांपासून आहे. माझी आजी ऐंशी ओलांडलेली. तिची स्मृती विरत चालली आहे. रात्री तीनला उठून ती अंगणात सडा घालू लागली, तेव्हा पुण्याच्या दादाने तासातासाला वेळ सांगणारे घड्याळ पाठवले. त्यातली बाई इंग्रजीत बोलायची. आजी दाराशी जाऊन म्हणायची, "या ना, बाहेर का उभ्या?" आम्ही हसलो, पण हसू फार दिवस टिकले नाही. एके दुपारी आई कामावरून परतली तेव्हा दूध जळून पातेले काळेठिक्कर पडले होते आणि खाली गॅस तसाच चालू होता. स्वयंपाकघराला कुलूप लावावे असे घरात ठरू लागले. आजीचे सगळे आयुष्य त्या ओट्याशी गेलेले. तिथून तिला उठवले तर ती उरणार कुठे, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हते, पण प्रत्येकाच्या मनात होते.

तेव्हा कराडहून आत्या आली. ती गेली तीस वर्षे ब्लाऊज शिवते. आल्या आल्या कुलपाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "माप न घेता कात्री लावू नका." दोन दिवस ती फारसे बोलली नाही, नुसती आजीच्या मागे मागे राहिली. मग तिने जे सांगितले ते आम्हा रोज पाहणाऱ्यांना दिसले नव्हते. एक, आजी घड्याळाकडे कधीच पाहत नाही. तिला तारीख नसते, वार असतो; आणि वार म्हणजे त्या दिवशी काय करायचे ते. दोन, चौथीपर्यंत शिकलेली आजी ठळक मराठी अक्षरे अजून वाचते. तीन, चहाच्या डब्यासाठी तिचा हात शेगडीच्या डावीकडे जातो. कारण ओटा नवा करण्यापूर्वी फळी डावीकडे होती. ती गोंधळायची, चिडायची, दूध विसरायची ते इथून पुढे. विसरली होती ती फळी. आजीच्या हाताला सगळे पक्के आठवत होते.

डबे डावीकडे आले. गल्लीतल्या सुताराकडून एक पाटी करून घेतली; तिच्यात रोज सकाळी बाबा पट्टी बदलतात: 'आज गुरुवार. दत्ताचा वार.' रात्रीच्या पट्टीवर आम्ही आधी लिहिले होते, 'रात्र आहे, झोपा.' ते वाचून आजी फणकारली, "मला झोपायला सांगणारे हे कोण?" आत्याने पट्टी बदलली: 'अजून उजाडायचं आहे.' वर मिणमिणता दिवा. आता आजी उठते, पाटी वाचते, "उजाडायचंय अजून," असे स्वतःशीच म्हणते आणि पुष्कळदा परत जाऊन पडते. गॅससाठी यंत्र घेतलेच नाही. आपोआप बंद होणारी विजेची शेगडी आणून पाहिली, पण जाळ दिसत नाही म्हणून आजीच्या लेखी ती पेटलेलीच नसे. म्हणून सिलिंडर खाली बंद असतो, आणि शेजारच्या काकू दुपारी साडेतीनला चहाला येतात तेव्हा तो उघडतात. चहा आजीच करते. काकूंना ती साखर किती ते विचारते. साधन म्हणजे वस्तूच असली पाहिजे असे नाही. काकूही त्या साधनाचा भाग आहेत.

हे कायमचे नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. काही रात्री पाटीचा उपयोग होत नाही. आजार पुढे सरकतो आहे. उद्या अक्षरे कळेनाशी होतील, मग चित्र लावावे लागेल, परवा तेही पुरणार नाही. माप एकदा घेऊन भागत नाही.

विज्ञान शाखेतली माझी एक मैत्रीण यावर म्हणते, "प्रत्येक माणसाला वेगळी वस्तू केली तर परवडणार कुणाला? कारखाना हजारांच्या हिशेबाने चालतो." तिचा मुद्दा खरा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदलेले आहेत. तेवढ्या रकान्यांची सोय करता करताच सरकार मेटाकुटीला येते, मग माणसागणिक कोण करणार? पण आपल्या आयांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे. शाळेचा गणवेश सगळ्यांचा एकच, पण दुमडीत दोन बोटे जादा कापड असते. मूल वाढले की शिवण उसवायची. ब्रेलची सहा टिंबे जगभर तीच आहेत आणि त्यांत मराठीही बसते. एनव्हीडीए सगळ्यांना एकच मिळते, पण वेग आणि आवाज ज्याचा त्याने ठरवायचा. चांगल्या साधनाची हीच खूण मला वाटते: ते स्वस्तात, सगळ्यांसाठी, एकसारखे केलेले असावे, आणि त्याच्या दुमडीत एका माणसापुरते कापड राखलेले असावे. ते जादा कापड नेमके कुठे ठेवायचे, हे मात्र मापे घेतलेल्यालाच कळते.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला मंडल जुळवता येत नाही, आज्ञावली लिहिता येत नाही, म्हणून हा विषय आपला नव्हे असे आपण समजतो. पण आपण इथे तीन वर्षे शिकतो ते काय? दुसऱ्याचे मन कसे चालते, त्याची भाषा काय म्हणते, तो जे बोलत नाही ते काय आहे, हेच ना? यंत्र करणाऱ्यांना पुष्कळदा नेमके हेच कुणीतरी सांगायला हवे असते. त्याची सुरुवात कुठल्या प्रयोगशाळेत जाऊन करायला नको. पुढच्या आठवड्यात टिपणे वाटली जातील, ती युनिकोडमध्ये असावीत, आणि आपण ती पाठवण्यापूर्वी वर्गातल्या त्या मित्राला एकदा विचारावे, "तुला ही नीट वाचता येतात का?" त्याचे उत्तर थोडे लांबेल. ते पुरते ऐकून घ्यावे.